बोलणारी बटनं

६ जानेवारी २०२५, सोमवार

ठरलं! दुसऱ्या कंपन्यांची होस्टिंग — वेबसाइट ठेवायची जागा — विकत बसायचं बंद. आता आपली स्वतःची! अर्पिता मॅडमनी टेबलावर हात आपटून सांगितलं. कप वाजले.

शाळा, कापसाचे जिनिंगवाले, पतसंस्था, कॉलेज — आपल्याकडे वेबसाइट ठेवणाऱ्या कोणीच आता ऑफिसला फोन करायचा नाही. आपल्या पॅनलवर जायचं, एक बटन दाबायचं, वेबसाइट उभी! हे पॅनल मी आणि पियुष बनवणार. कोणत्या फ्रेमवर्कमध्ये? — तिथंच गाडी अडली. फ्रेमवर्क म्हणजे घराचा सांगाडा. एकदा उभा केला की पुढची पाच-सात वर्षं त्याच्यातच राहा.

मी म्हटलं, जँगो. पियुष म्हणाला, रिॲक्ट.

‘अतुल, जँगो म्हातारं झालंय रे. हे बघ, हे बघ!’ — आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. मग एकदम गप्प. मला दिसत नाही हे त्याला दोन महिन्यांत पाठ झालंय, तरी उत्साहात विसरतो. त्याचा मला राग येत नाही. खरं म्हणजे तेवढ्यापुरताच तो आवडतो.

बाकी नाही. पुण्याची मोठी नोकरी सोडून हा माणूस यवतमाळला कायले आला, कोणाला कळलं नाही. ऑफिसातल्या वैष्णवीनं विचारलं होतं. म्हणे, ‘इथं शांत आहे.’

आमचं ऑफिस भर दत्त चौकात — शांत!

८ जानेवारी

पियुषनं नमुन्याचं पॅनल पाठवलं. मावशीला — म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या माझ्या स्क्रीन रीडरला, ऑफिसभर आता हेच नाव पडलंय — ते वाचायला लावलं. मावशी म्हणाली, ‘क्लिकेबल. क्लिकेबल. क्लिकेबल.’

पुढं काहीच नाही. बटनांना नावंच नाहीत! नुसती चित्रं. कोणतं साइट चालू करते, कोणतं बंद करते, काही पत्ता नाही. अंदाजानं एक दाबलं.

पियुषची अख्खी चाचणीची साइट उडाली.

‘काय केलंस तू!’

‘बटन दाबलं.’

‘अरे, ते लाल होतं!’

लाल. नवव्या वर्षी गोवरात डोळे गेले, तेव्हापासून लाल म्हणजे आईच्या एका पातळाचा काठ, एवढंच आठवते.  तो साइट पुन्हा उभी करायला बसला.

९ जानेवारी

वैष्णवीनं चुगली केली! चांगल्या मनानं केली, पण केली. सपोर्टच्या फोनवर दिवसभर गोड बोलते, पण पोटात काही राहत नाही तिच्या. मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं.

‘त्याच्या पॅनलवर तुला काम करताच येणार नाही म्हणते वैष्णवी. मग विषय संपला. तुझ्यासाठी जँगो घेऊ.’

तुझ्यासाठी! जन्मभर हेच ऐकून राह्यलो. अतुलसाठी पुढचा बाक. अतुलसाठी सोपा पेपर. अतुलसाठी रिसेप्शनवर बसून फोन उचलायचं काम — ते तर दोन कंपन्यांनी देऊ केलं होतं. कोडिंगचं काम एकट्या अर्पिता मॅडमनी दिलं, आणि तेही परीक्षा घेऊन. म्हणून तर त्यांच्या तोंडून ते जास्त लागलं.

म्हटलं, ‘मॅडम, मले दयेचं फ्रेमवर्क नको.’

‘काय?’

‘जँगो चांगलं असन तं घ्या. नसन तं नका घेऊ.’

‘आणि रिॲक्ट घेतलं तर तू काय करशील?’

 मी बनवलेल्या घरात मलाच दार सापडणार नाही, मग नोकरी तरी कशाची? पण मागे हटलो नाही. मॅडम चिडल्या, खुर्ची ढकलली, खिडकीपर्यंत जाऊन आल्या. मग म्हणाल्या, ‘ठीक आहे. दोघंही दोन आठवड्यांत आपापलं पॅनल बनवा. ग्राहक वापरून पाहतील. ते म्हणतील ते.’

हे बरोबर झालं.

१० जानेवारी

जेवताना आईनं विचारलं, ‘त्या पुण्यावाल्याशी भांडण कायचं हाय?’

सांगितलं — ‘आई, मी सर्व्हरवरच ताट वाढतो आन तयार ताट पाठवतो. तो शिधा पाठवते. शिजवायचं काम ज्याच्या त्याच्या मोबाईलनं करायचं.’

आईनं भाकरी थापता थापता विचार केला. ‘मंग शिध्यात वाईट काय हाय? ज्याची चूल चांगली, त्याले गरम भेटते.’

अंगणवाडीत तीस वर्षं काढलेल्या बाईशी वाद घालू नये. बरोबर आहे तिचं. शिध्यात वाईट काहीच नाही. चुलीवर आहे सगळं.

१६ जानेवारी

काम, काम! लॉगिन झालं. साइट बनवायचं पान झालं. जँगोमध्ये अर्ध्या गोष्टी आयत्या मिळतात — पासवर्ड, परवानग्या, मागचं सगळं. मी गाणं म्हणत कोड लिहितो असं वैष्णवी म्हणते. बाभुळगावची एस.टी. चुकली तरी थांबते आणि माझं पान तपासते. ‘रंग कसाय?’ विचारलं. ‘रंगच नाही तं सांगू काय? पांढऱ्यावर काळं हाय. लग्नपत्रिकेसारखं पण नाही, शोकपत्रिकेसारखं!’

पियुष रोज उजेड असतानाच बॅग उचलतो. सगळे थांबलेले असतात आणि हा चालला! पुण्याची शिस्त असेल. इथं आम्ही मरून राह्यलो, आणि साहेब घरी.

२० जानेवारी

एक मोठी खोट सापडली. माझ्यात.

साइट उभी होताना मागे बरंच काही चालतं — फायली येतात, डेटाबेस बनतो, पत्ता जोडला जातो. ग्राहकाला ते ओळीओळीनं दिसायला पाहिजे. पियुषच्या पॅनलवर ते आपोआप येतं. वैष्णवी सांगत होती, ‘हिरव्या ओळी अशा सळसळ येऊन राह्यल्या, अतुलभाऊ!’ माझ्या पॅनलवर पान पुन्हा पुन्हा उघडावं लागते.

हेवा वाटला. लिहून टाकतो, म्हणजे पोटात राहणार नाही.

२४ जानेवारी

हरलो.

ऑफिसमध्ये ग्राहक आले. केळापूरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका विमलताई आणि मुकुटबनचे सदाशिवराव — कृषी केंद्र आहे त्यांचं, रोजचे कापसाचे भाव टाकायला साइट पाहिजे. ऑफिसचं वायफाय धो-धो. पियुषचं पॅनल उघडलं आणि दोघंही ‘वा!’ म्हणाले. एकदम. त्या ‘वा’मध्ये सगळं आलं.

माझं उघडल्यावर विमलताई म्हणाल्या, ‘हे तहसीलच्या फॉर्मसारखं दिसते, नाही का?’ बाईंनी वाईट म्हणून म्हटलं नाही. म्हणूनच लागलं!

मॅडमनी मात्र निकाल दिला नाही. ‘आपलं ऑफिस म्हणजे ग्राहकाचं दुकान नाही. मंगळवारी मुकुटबनला जाऊ. तिथं पाहू.’

२६ जानेवारी

सुट्टी. आईनं जिलबी आणली. गोड लागली नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

आजचा दिवस लिहिताना हात थांबत नाही!

मॅडमच्या गाडीत चौघं मुकुटबनला. सदाशिवरावांच्या दुकानात बियाण्यांच्या थैल्या, फवारणीच्या औषधांचा वास, बाहेर कापसाची गाडी उभी. गर्दी जमली — यवतमाळहून कॉम्प्युटरवाले आले म्हणून. सदाशिवरावांनी स्वतःचा मोबाईल काढला. नेटवर्कची एकच कांडी, तीही येऊन-जाऊन.

आधी पियुषचं. उघडलं. वैष्णवी माझ्या कानात सांगत होती — ‘पांढरं पान… चक्कर फिरून राह्यलं… फिरून राह्यलं… अजून फिरून राह्यलं…’ सदाशिवराव मोबाईल घेऊन दारात गेले. मग ओट्यावर. मग रस्त्यावर. चक्कर फिरतच होतं. चूल पेटलीच नाही!

मग माझं. सदाशिवराव आत यायच्या आधीच ओरडले — ‘हे उघडलं ना बे!’

दुकानात हशा. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. सदाशिवरावांनी नाव टाकलं, बटन दाबलं. शांत. पान जागचं हललं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. मी म्हणून राह्यलो, थांबा, थांबा — तोपर्यंत एकाच दुकानाच्या तीन वेबसाइट उभ्या! ‘एक कापसाची, एक तुरीची, एक सोयाबीनची,’ सदाशिवराव म्हणाले, आणि मग तर मॅडमही हसल्या.

जिंकलो आणि माझी खोट चारचौघांत उघडी पडली. दोन्ही एकाच बटनावर! तरी जिंकलोच. त्या एका कांडीवर उघडलेलं पॅनल माझं होतं.

परत येताना अंधार झाला. पांढरकवड्याजवळ चहाला थांबलो. पियुष ओट्याला ठेचकाळला, चहाचा पेला फुटला. मीच त्याला हात देऊन उठवलं! ‘आतापासून अतुलभाऊच आपल्याले रस्ता दाखवन!’ म्हणत वैष्णवी खो-खो हसली. मीही हसलो. तो नाही. हरल्याचा राग असेल.

३० जानेवारी

आज जे झालं ते मी स्वप्नातही धरलं नव्हतं.

सकाळी आलो तर पियुष माझ्याआधी हजर. म्हणाला, ‘अतुल, मावशी माझ्या मशीनवर चालू करून दे.’ दिली. मग त्यानं मॉनिटरचं बटन बंद केलं. टक्-कन आवाज आला, तो मला ओळखीचा. आणि स्वतःचंच पॅनल वापरायला बसला.

‘क्लिकेबल. क्लिकेबल. क्लिकेबल.’

मी माझं काम करत होतो, पण कान तिकडे. तो शोधत होता. मागे जात होता, पुढे जात होता. श्वास जोरात चालला होता. एकदा म्हणाला, ‘अरे, मीच बनवलंय हे!’  शेवटी कुठलंतरी बटन दाबलं.

साइट उडाली. त्याची स्वतःची.

‘अतुल… रोज असं असतं?’

‘सगळीकडे नाही. पण असते.’

तो उठून गेला. बऱ्याच वेळानं आला.  म्हणाला, ‘यात रिॲक्टचा काही दोष नाही. त्यात नीट बटनं करता येतात. मी केली नाहीत. मी चित्रं काढत बसलो.’

एवढं सरळ बोलणारा माणूस मी फार कमी पाहिला. मग मलाही बोलावं लागलं — ‘माझ्यातही दोष जँगोचा नाही. चालू काम दाखवायची सोय करता येते. मले वाटलं, गरज नाही. तू केली म्हणून कळलं.’

दुपारभर तो शेजारी बसला. मावशी इतक्या वेगात बोलते ते मला कसं समजते, रस्ता कसा लक्षात राहतो, कोडिंगची नवीन भाषा शिकलो तेव्हा चिन्हं कशी ओळखली — प्रश्नावर प्रश्न! ऑफिसमध्ये तीन वर्षांत कोणी इतकं विचारलं नाही. मीही सांगत सुटलो.

१ फेब्रुवारी

मीटिंग. मी तोंड उघडायच्या आत पियुष म्हणाला, ‘मॅडम, जँगो.’



मॅडम म्हणाल्या, ‘अतुलसाठी म्हणतोस?’

‘नाही. सदाशिवरावांसाठी. एका कांडीच्या नेटवर्कसाठी. पानं सर्व्हरवरून तयार येतील. साइट उभी होतानाच्या ओळी तेवढ्या मोबाईलवरच जावास्क्रिप्टनं जिवंत ठेवू — ते मी करतो. आणि प्रत्येक बटनाला नाव. नाव नसलेलं बटन मी पुढं जाऊ देणार नाही.’

‘आणि दिसायला?’

‘देखणं करणार. ते तर मीच करणार!’

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं असणार, कारण थोडं थांबून म्हणाल्या, ‘दयेचं नाही ना रे अतुल हे?’

‘नाही मॅडम. हे पास होऊन आलं!’

ठरलं! जँगो! वैष्णवीनं खालच्या हॉटेलातून समोसे आणले. पियुषनं दोन खाल्ले आणि माझ्या हातावर तिसरा ठेवला. आईला सांगितलं. ती म्हणे, ‘मंग त्याले एकदा जेवाले आण.’

१४ फेब्रुवारी

आता आमचं भांडण गोड झालंय. मी म्हणतो ओळ छोटी कर, तो म्हणतो मोकळी ठेव. त्यानं साइट उभी होतानाच्या ओळी आणल्या — सळसळ! पण मावशी प्रत्येक ओळ वाचायला लागली. नुसता कल्ला! नळावरच्या भांडणासारखा. दोघांनी बसून ठरवलं: मावशीनं महत्त्वाचंच बोलायचं. ‘सुरू झालं.’ ‘अर्धं झालं.’ ‘साइट उभी आहे.’ आणि एकदा दाबलेलं बटन काम होईपर्यंत पुन्हा दाबलं जाणार नाही. त्या सोयीला कोडमध्ये नाव काय दिलं? सदाशिव!

१० मार्च, सोमवार

पॅनल चालू झालं! मॅडमनी नारळ आणला होता, फोडायला माझ्या हातात दिला. एका फटक्यात फुटला.

१२ मार्च

दुपारी वैष्णवीनं फोन माझ्याकडे दिला. ‘केळापूरच्या विमलताई हायत. तुमच्याशीच बोलाचं म्हणतात.’ 

‘अतुल सर, शाळेची वेबसाइट मी उभी केली.’

‘बरं… काही अडलं का ताई?’

‘काही नाही अडलं. म्हणून तर फोन केला! इतकी वर्षं काही अडलं की फोन करत होते. आज म्हटलं, नुसतं सांगायला करावा.’

फोन ठेवल्यावर मी वैष्णवीला तेच वाक्य दोनदा म्हणून दाखवलं. ती म्हणे, पाठ झालं आता, कामाला लागा.

१८ मार्च, मंगळवार

परीक्षा झाली पॅनलची! खरी!

विमलताईंच्या शाळेनं आजूबाजूच्या शाळांना घेऊन शिष्यवृत्तीची सराव परीक्षा घेतली होती. निकाल आज त्यांच्या साइटवर. सकाळी निकाल लागला आणि पोरं, मायबाप, मास्तर — सगळे एकदम तुटून पडले. वैष्णवी आकडे वाचायला लागली आणि मग थांबलीच, ‘हे तं मोजण्याच्या पलीकडे गेलं.’ साइट दमायला लागली. माझे हात कीबोर्डवर गेले — मागून सर्व्हर वाढवतो म्हटलं.

पियुषनं माझं मनगट धरलं. ‘थांब. क्षमता वाढवायचं बटन आहे ना त्यांच्याकडे.’

‘अन् नाही दाबलं तं?’

‘थांब रे.’

थांबलो. आयुष्यात थांबणं इतकं कठीण कधी गेलं नाही. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. 

आणि मावशी बोलली — ‘क्षमता वाढवली. ग्राहक: विमल.’

तिकडे केळापूरला, शाळेच्या ऑफिसात बसून, बाईंनी स्वतः बटन दाबलं! एका क्षणात पानं धाड-धाड उघडायला लागली. वैष्णवी किंचाळली. मॅडमनी आम्हा दोघांची डोकी धरून हलवली. संध्याकाळपर्यंत साइट एकदाही बसली नाही. नंतर तीन शाळांचे फोन आले — आम्हालाही पाहिजे. एका डॉक्टरचा. वणीच्या एका जिनिंगचा. सदाशिवरावांना कुठून कळलं कोण जाणे, त्यांचाही: ‘पोट्टेहो, नाव काढलं!’

घरी येऊन आईला सांगितलं. ती माझं तोंड दोन्ही हातांत धरून बसली.

एवढं मोठं काही माझ्या हातून होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. माझ्या एकट्याच्या हातून झालंही नाही. पियुष नसता तर मी मधेच हात घातला असता.

२० मार्च

पियुषची नजर चालली आहे.

डोळ्यांच्या पडद्याचा आजार. आधी अंधारातलं जाते, मग कडेचं, मग उरलेलं. पुण्याच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं. आज ऑफिसात आम्ही दोघंच होतो, तेव्हा बोलला. यवतमाळला एक अंध प्रोग्रामर नोकरी करतो असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. म्हणून आला. माझ्या शेजारी बसायला.

‘मग रिॲक्टसाठी इतका भांडला काहून?’

‘दिसतंय तोवर एक देखणी गोष्ट करून घ्यायची होती रे.’

 मग त्यानं विचारलं, ‘शिकायला किती वेळ लागतो?’

‘मले फार लागला. शिकवणारं कोणी नव्हतं.’

उद्या सकाळपासून बसतो आहोत.